हात सोडायचा क्षण

यवतमाळ शहरात हनुमान आखाडा चौक आहे. चौकांना पुढाऱ्यांची, देवळांची नावे पडतात; इथे तालमीचे पडले. वऱ्हाडातल्या अशा तालमींनी लाल माती, जोर-बैठका, लेझीम आणि मल्लखांब यांच्या बळावर पोरे घडवली. पुढे त्याच अंगणात लोखंडी सिंगल बार आणि डबल बारही रोवले गेले. या तालमींच्या आठवणी निघाल्या की कोणी कोणाला चीत केले, कोणी किती जोर मारले हे सांगितले जाते. भीतीबद्दल कोणी बोलत नाही. मल्लखांब असो की बार, शिकणाऱ्याची खरी अडचण बहुतेकदा खाली येताना होते, हात सोडून उडी घ्यायच्या क्षणी.

ही अडचण जवळून पाहण्यासारखी आहे. एरंडेल चोळलेला गुळगुळीत खांब जमिनीपासून सुमारे साडेआठ फूट उंच असतो. खाली जाड अंग, वर निमुळती मान आणि टोकाला वीतभरही रुंद नसलेले बोंड. मुलगा अढी मारून सरसर वर जातो, आसने करतो, बोंडावर तोल सांभाळतो. आता फक्त उडी उरलेली असते. कालपर्यंत त्याने ती बिनघोर मारलेली असते. आज मात्र गुडघे वाकतात, हात मागे जातात आणि शरीर तिथेच थांबते. तो पुन्हा मोजतो, पुन्हा थांबतो. ताकद कमी पडलेली नसते आणि उडी तो विसरलेलाही नसतो. सरावाने अंगवळणी पडलेली हालचाल शरीर आपोआप करते. भीतीने मन मध्येच त्या हालचालीवर पहारा करू लागते, आणि ओघ तुटतो.

बारवर हे आणखी बिकट होते. मल्लखांबावरचा खेळाडू उडीआधी क्षणभर स्थिर असतो. बारवरचा पूर्ण झोक्यात असतो. पकड किंचित लवकर सुटली तर तो बारपासून लांब फेकला जातो, उशिरा सुटली तर बारवरच आपटण्याचा धोका. हात सुटल्यावर कोलांटीत जमीन दिसेपर्यंतचा काळ डोळ्यांच्या भरवशावर काढता येत नाही. एकदा वाईट पडलेल्या मुलाचे हात पुढच्या झोक्याला बार सोडतच नाहीत, ते उगीच नव्हे.

मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सापडतो. आजचे रूप मात्र दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातले बाळंभटदादा देवधर यांच्या नावावर आहे. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान त्यांनी स्वीकारले, तयारीसाठी सप्तशृंगीच्या वणीला जाऊन आराधना केली आणि तिथे मारुतीने स्वप्नात लाकडी खांबावरचे डाव दाखवले, असे परंपरा सांगते. ही वणी नाशिककडची. यवतमाळ जिल्ह्यातली नव्हे. स्वप्न बाजूला ठेवले तरी खांबाचा उपयोग स्पष्ट आहे. तो न थकणारा जोडीदार होता. पकड, तेढी, सुटका हे सारे डाव पहिलवान त्याच्यावर हवे तितके घोटू शकत होता. सुटका हाही डावच होता, म्हणजे शिकण्याची आणि शिकवण्याची गोष्ट.

त्याच सुमारास, १८११ मध्ये, बर्लिनच्या हासेनहाइड भागात फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकाने मोकळ्या मैदानावर व्यायामाची साधने उभी केली. आडवा बार (सिंगल बार) आणि समांतर बार (डबल बार) यांची जगभरची परंपरा तिथून वाढली. पुण्याच्या दरबारात खांब आणि बर्लिनच्या मैदानात बार, अशा एकमेकींना अनोळखी असलेल्या दोन परंपरा एकाच पिढीत आकाराला येत होत्या. शाळा, पलटणी आणि व्यायामशाळा यांच्या वाटेने बार आपल्याकडे आला आणि तालमीच्या अंगणात खांबाचा शेजारी झाला.

वऱ्हाडात या शेजाराला मोठे घर मिळाले ते अमरावतीत. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये तिथे हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडून जुन्या वणी जिल्ह्याचा यवतमाळ जिल्हा झालेला होता आणि अमरावती त्याच्या अगदी शेजारी. त्या काळी व्यायाम ही देशकार्याची पायरी मानली जाई. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला जंगल सत्याग्रह केला आणि सरकारी जंगलातले गवत कापून कायदा मोडला. मनातली भीती घालवणे हा राजकारणाचाही विषय होता आणि तालमीचाही.

१९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके त्याने तिथे करून दाखवली. यानने बार रोवला त्याच शहरात, सव्वाशे वर्षांनी, वऱ्हाडी मुले पोहोचली होती. या भेटीकडे क्रीडा इतिहासाने द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

आता पुन्हा त्या भीतीकडे वळू. अडलेली उडी सोडवायची चांगल्या उस्तादाची रीत साधी असते. तो मुलाला एक पायरी खाली आणतो. बोंडावरून जमत नसेल तर मानेपासून, तिथेही नको असेल तर कमरेइतक्या उंचीवरून. खाली भुसभुशीत माती, आता जाड गादी. उस्ताद कमरेला हात लावून उभा राहतो. मग हात नुसता जवळ धरतो. मग एक पाऊल मागे सरतो. बारवरही तेच: आधी नुसता झोका आणि मागच्या टोकाला पायांवर उतरणे, मग सुटण्याची वेळ पक्की करणे, कोलांटी सगळ्यांत शेवटी. मुलाला पुन्हा खात्री वाटेपर्यंत प्रत्येक पायरीवर तो थांबतो.

सगळेच उस्ताद असे नसतात, हेही लिहायला हवे. चारचौघांत ‘भित्रा’ म्हणून हिणवणे, ‘मार उडी’ म्हणून ओरडणे, पडल्यावर लगेच पुन्हा चढवणे हे प्रकार मैदानांवर होतात. त्याने एखादी उडी निघते, पण पुष्कळ मुले खेळच सोडतात. ही रीत चुकीचीच आहे.

जगातली सर्वोत्तम जिम्नॅस्टसुद्धा यातून सुटली नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २७ जुलै २०२१ रोजी सिमोन बाइल्सला व्हॉल्टवर हवेत आपण कुठे आहोत हेच कळेनासे झाले आणि तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. बारवरून उतरायचा सराव करताना गिरकी अर्ध्यातच थांबून ती पाठीवर गादीत पडते, अशी चित्रफीत तिने स्वतःच जगाला दाखवली. ३ ऑगस्टला ती बीमवर परतली, ती नेहमीची गिरकीची उडी बाजूला ठेवून. शेवटी तिने गिरकीविना दुहेरी कोलांटी घेतली आणि कांस्यपदक मिळवले. एक पायरी खाली उतरायची तालमीतली रीत ऑलिंपिकच्या मंचावरही चालली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदके जिंकली.

आपल्याकडे खांब आणि बार काही काळ एका छताखालीही नांदले. १९६२ च्या ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाला जागा मिळाली, आणि १९८१ मध्ये उज्जैनला त्याची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली. मुंबईत शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरातले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. खाली किती अंतर आहे हे ज्याला दिसत नाही, त्याला स्पर्शाने आणि आवाजाने खांबाची ओळख पटवून द्यावी लागते. भीतीवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने हे शिकवणे पाहावे.

यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, दारव्हा इथल्या शाळांच्या आणि व्यायामशाळांच्या चालकांना यातून करण्यासारखे बरेच आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही. जिथे सिंगल बार रोवलेला आहे तिथे खालची माती दर आठवड्याला उकरून मऊ करावी. शक्य असेल तिथे एक कमी उंचीचा बार आणि जाड गादी असावी. आणि उडीपाशी अडलेल्या मुलाला घरी पाठवू नये. त्याला त्या दिवशी एक पायरी खालून उतरवावे.