दिनविशेष : १७ मे
२०२१ : तौक्ते चक्रीवादळ मुंबई-नवी मुंबईच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे सरकले. कुलाब्यात वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरपलीकडे गेला. नवी मुंबईत झाडे उन्मळली, वीज गेली. टाळेबंदीत आधीच घरात अडकलेली कुटुंबे अंधारात बसली. लगतच्या उरणमध्ये भिंत कोसळून दोन महिला दगावल्या. रायगडच्या किनाऱ्यावरील हजारोंना सुरक्षित स्थळी हलवताना प्रशासनापुढे करोनाचाही पेच होता : निवाऱ्यात अंतर राखायचे कसे? समुद्रात मात्र हाहाकार माजला. तेलक्षेत्रातील कामगारांच्या निवासाचा ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावरील २६१ पैकी १८० हून अधिक जण नौदलाने वाचवले. इशारे आधीच मिळाले असताना तराफा समुद्रात थांबलाच का, हा प्रश्न मृतांच्या नातेवाइकांनी विचारला, आणि तो रास्तच होता.