वणी परिसरातील शेतराखणीची बंदूक

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या बेचक्यात वणीचा मुलूख आहे. काळी जमीन, पऱ्हाटी आणि तुरीची वावरे, आणि वावरांना लागून सागाचे जंगल, अशी या भागाची रचना आहे. मारेगाव, झरी-जामणी, पांढरकवडा या शेजारच्या तालुक्यांतही बहुतेक ठिकाणी हेच दृश्य दिसते. जंगल आणि पीक यांच्यात इथे फारसे अंतर नाही, म्हणून जागली, म्हणजे पिकाची रात्रीची राखण, हा शेतीचाच एक भाग ठरला. मचाण, शेकोटी, गोफण, डबे वाजवणे ही जागलीची जुनी साधने. त्यांच्या जोडीला बंदूक आली आणि राखणीपुरतीच राहिली. या भागातील बंदुकीचा इतिहास लढायांपेक्षा वावरांशी आणि कचेरीतल्या परवान्याशी अधिक बांधलेला आहे.

१८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांकडून निजामाकडे गेला. त्यानंतरच्या अर्धशतकात वऱ्हाडात अरब आणि रोहिल्यांच्या टोळ्या पगारी शिपाई म्हणून वावरत होत्या. त्यांच्या हाती तोड्याची बंदूक असे. पेटत्या दोरीच्या टोकाने कानातली दारू पेटवणारी ही बंदूक पावसात निकामी होई आणि अंधारात तिचा निखारा लांबून दिसे. रानातल्या शिकारीसाठी ती अडचणीचीच होती. गोंड, कोलाम आणि पारधी समाजांची शिकार तिच्यावर अवलंबून नव्हती. फासेपारध्यांच्या नावातच त्यांचे साधन आहे. जनावराची वाट ओळखून लावलेला फास आवाज करत नाही, त्याला दारूगोळा लागत नाही, आणि त्यासाठी कुणापुढे अर्जही करावा लागत नव्हता.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडाचा वेगळा जिल्हा झाला आणि पुढे त्याला ‘वून’ म्हणजे वणीचे नाव मिळाले. कारभाराचे ठाणे यवतमाळला होते, तरी १९०५ पर्यंत सरकारी कागदोपत्री जिल्हा वणीच्या नावाने ओळखला गेला. १८५७ च्या उठावानंतर हत्यारांवर निर्बंध आले, आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात भारतीय शस्त्र कायदा झाला. वऱ्हाड कायद्याच्या भाषेत निजामाचाच मुलूख असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे वेगळ्या हुकमांनी लागू करावे लागत. रयतेच्या दृष्टीने परिणाम एकच होता. घरात बंदूक ठेवायची तर परवाना हवा, आणि परवाना साहेबाच्या मर्जीवर. युरोपियनांना आणि काही मानकऱ्यांना या कायद्यातून सूट होती. बंदूक बाळगणे ही त्यामुळे प्रतिष्ठेची खूण बनली. ज्याच्या वावरात रानडुकरांचा कळप शिरे, त्या लहान कास्तकाराच्या हाती मात्र पूर्वीची गोफणच राहिली. कायद्यातला हा अन्याय उघड होता, आणि वऱ्हाड-नागपूरच्या राजकारणात तो बराच काळ सलत राहिला.

याच काळात राखीव जंगले आखली गेली. शिकारीसाठी जंगलाचे विभाग पाडून त्यांचे परवाने दिले जाऊ लागले. वणी, पांढरकवड्याच्या रानात वाघ, बिबटे आणि अस्वले होती. अधिकारी, जमीनदार आणि त्यांचे पाहुणे हाका घालून शिकार करत. हाकाऱ्यांचे काम आसपासच्या गावकऱ्यांचे, नेम साहेबाचा.

नेमका हाच जमाना अमेरिकेत लिव्हर रायफलीचा होता. १८६० ची हेन्री, १८६६ ची पितळी पेटीची विंचेस्टर, मग १८७३ चे प्रसिद्ध मॉडेल, अशी तिची मालिका आहे. या बंदुकीत नळीखाली दुसरी लांब नळी असते आणि तिच्यात काडतुसे एकामागे एक रचलेली असतात. चापाभोवतीच्या कडीलाच जोडलेली तरफ खाली ढकलली की खटका मागे सरतो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि घोडा चढतो. तरफ वर ओढली की नवे काडतूस नळीत जाते. बंदूक खांद्यावरून न उतरवता गोळ्यांमागून गोळ्या झाडता येतात. या सोयीला एक मर्यादाही आहे. नळीत काडतुसे टोकाला बूड लावून बसतात, त्यामुळे अणकुचीदार गोळी वापरली तर ती धक्क्याने पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळून नळीतच स्फोट होण्याचा धोका असतो. म्हणून या रायफलींसाठी चपट्या टोकाच्या गोळ्या वापरल्या जात. त्यांचा पल्लाही त्यामानाने कमी असतो.

वऱ्हाडात आणि एकूणच हिंदुस्थानात या रायफलीने मूळ धरले नाही. शिकारी बंदुकांचा इथला व्यापार लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारागिरांच्या हातात होता. त्यांची दुनळी रायफल महाग आणि जड, पण जवळून अंगावर येणाऱ्या वाघासाठी दुसरी गोळी क्षणात देणारी. सुरुवातीच्या विंचेस्टरची काडतुसे अशा जनावरापुढे दुबळी होती. दुसरे कारण सरकारी धास्तीचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास मनाई केली. लष्करी मार्टिनी-हेन्रीच्या बोअरशी त्या जुळत असल्याने त्यांच्या गोळ्या बंडखोरांच्या कामी येतील, अशी भीती होती. ब्रिटिश कारखानदारांनी मग .४६५ आणि .४७० सारखे नवे बोअर काढले. लष्कराचे बोअर नागरिकाच्या हाती नको, हे सूत्र तेव्हापासून पक्के झाले. परकी सत्ता गेल्यावरही ते टिकले.

तरीही या देशातल्या शिकारसाहित्यात एका लिव्हर रायफलीला कायमची जागा मिळाली आहे. बंगळूरचे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन आपल्या शिकारींसाठी .४०५ बोअरची विंचेस्टर मॉडेल १८९५ वापरत. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या या रायफलीत काडतुसे नळीऐवजी पोटातल्या पेटीत बसतात, म्हणून तिच्यात जबरदस्त काडतूस आणि टोकदार गोळी दोन्ही चालतात. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ मध्ये आफ्रिकेत हीच जात नेली होती. अँडरसन यांची रायफल दक्षिणेतली. वऱ्हाडातल्या कास्तकाराशी तिचा संबंध नव्हता.

शस्त्र कायद्याविरुद्धची चळवळ या भागाच्या जवळच घडली. काँग्रेसच्या अधिवेशनांत १८७८ चा कायदा सैल करण्याची मागणी वर्षानुवर्षे होत होती. १९२७ मध्ये नागपुरात मंचेरशा आवारी यांनी त्याला प्रत्यक्ष कायदेभंगाचे रूप दिले. स्वयंसेवक उघड्या तलवारी घेऊन रस्त्यावर उतरले आणि अटक करवून घेऊ लागले. गांधीजींना सत्याग्रहाचा हा प्रकार मान्य नव्हता, तरी नागपूर-वऱ्हाडात आवारी ‘जनरल’ या नावाने ओळखले गेले. तीन वर्षांनी, जुलै १९३० मध्ये, वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. हत्यार आणि जंगल या दोन्ही गोष्टी रयतेच्या हातून कायद्याने काढून घेतल्या होत्या. दोन्हींवरचा हक्क मागण्यासाठी याच प्रदेशाने तीन वर्षांच्या अंतराने कायदा मोडला, हे वऱ्हाड-नागपूरच्या इतिहासातले फार मोलाचे पान आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यातले कलम १३ महत्त्वाचे आहे. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला आणि नाकारण्याजोगे कारण नसेल तर तो दिला पाहिजे, असे हे कलम सांगते. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. रायफलीच्या अर्जदारासमोर मात्र सबळ कारण दाखवण्याची अट आहे. त्यात ‘प्रतिबंधित’ आणि ‘अप्रतिबंधित’ बोअर असा भेद येतो. .३०३ सारखे लष्करी बोअर सामान्य माणसाला मिळत नाहीत. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ बोअरची रायफल मिळू शकते, कारण ते काडतूस भारतीय लष्कराच्या वापरातले नाही. विसाव्या शतकारंभीचे ते जुने सूत्र इथे नव्या कायद्यात जसेच्या तसे उतरलेले दिसते.

ठासणीची बंदूक, जिला विदर्भात भरमार बंदूकही म्हणतात, चालवायला सोपी आणि भरायला वेळखाऊ. नळीच्या तोंडातून मोजून बारूद ओतायची, त्यावर चिंधी किंवा काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, आणि छर्रे सांडू नयेत म्हणून पुन्हा बोळा. मागे घोड्याखालच्या बोंडीवर तांब्याची लहानशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, ठिणगी बोंडीच्या भोकातून आत जाते आणि बार उडतो. पुढच्या बारासाठी सगळे पहिल्यापासून. श्रावणातल्या झडीत बारूद दमट झाली तर नुसती टोपी फुटते. कळपातले एखादे जनावर मारण्यापेक्षा बाराच्या आवाजाने कळप पळवून लावणे, हेच तिचे खरे काम राहिले. धूर आणि धडाका दोन्ही भरपूर, आणि रात्रीच्या वावरात तेवढे बहुतेक वेळा पुरते.

इथे एक विलक्षण उलटापालट दिसते. इटलीतल्या गार्डोने वाल ट्रॉम्पिया या गावातली, १९५९ मध्ये स्थापन झालेली उबेर्ती ही कंपनी जुन्या अमेरिकी हत्यारांच्या हुबेहूब नव्या प्रती बनवते. १८६६ आणि १८७३ च्या विंचेस्टरच्या तिच्या प्रती जगभर खपतात. जपानमधले मिरोकू मॉडेल १८९५ सह अनेक लिव्हर रायफली विंचेस्टरच्या नावाने घडवते. पोलाद आजचे, मापे जुनी. अमेरिकेत १९८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या नियमांनुसार लोक जुन्या काळचे पोशाख घालून या रायफलींनी नेमबाजीच्या स्पर्धा खेळतात. तिथे ठासणीच्या बंदुकांच्या नव्या प्रतीही छंदासाठीच विकत घेतल्या जातात. भारतात परवानाधारक लहान कारखाने ठासणीची नवी बंदूक आजही बनवतात, पण तिचा ग्राहक छंदिष्ट नसतो. दीड शतकापूर्वी जगाने मागे टाकलेले तंत्र इथे शेतकऱ्याला कायद्याने पहिला पर्याय म्हणून दिलेले आहे. आणि लिव्हर रायफलीची नवी प्रत वणीतल्या एखाद्या हौशी माणसाला हवी असली, तर तिला वाट जवळजवळ नाहीच. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना बंदुका आयात करता येत नाहीत. नामांकित नेमबाजांसाठी अपवाद आहे, पण त्यांच्या स्पर्धा वेगळ्याच रायफलींच्या असतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, ते .२२ च्या रायफलीवर. उरतात त्या वारशाने आलेल्या मोजक्या जुन्या बंदुका. परवान्यावर बोअर आणि वर्षाला किती काडतुसे घेता येतील हा आकडा लिहिलेला असतो, आणि देशात त्या बोअरचे काडतूसच तयार होत नसेल तर बंदूक भिंतीवरच राहते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शेतराखणीच्या बंदुकीचा अर्थ बदलला. बंदुकीचा परवाना जिल्हा दंडाधिकारी देतात, जनावर मारण्याची परवानगी वनखाते देते, आणि पहिली हाती असली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी कायद्याच्या कलम ११ नुसार मिळू शकते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्यासाठी ही पद्धत ठरवून दिली. प्रत्यक्षात अर्ज, पंचनामा आणि मंजुरी होईपर्यंत कळप दुसऱ्या शिवारात गेलेला असतो. एका रात्रीत हरभऱ्याचे वावर उकरले गेलेल्या माणसाला हा उशीर परवडत नाही. म्हणून काहींनी कुंपणात विजेचा प्रवाह सोडण्याचा बेकायदा मार्ग धरला. त्यात वाघ मेले आणि माणसेही मेली. भरपाई, सौरकुंपण आणि वेळेवर निर्णय, हाच यातला योग्य रस्ता आहे.

वाघांची स्थितीही याच काळात पालटली. १९९७ मध्ये पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य जाहीर झाले. तिथून आणि वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूरच्या जंगलातून वाघ शेतशिवारात येऊ लागले. टी-१ या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटी परिसरात तिला गोळी घालण्यात आली. गोळी झाडणारा खासगी नेमबाज होता. त्या गोळीवरून उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. शिकार एके काळी मानाची होती. आता मनुष्यभक्षक ठरवलेल्या वाघालाही मारताना प्रत्येक पायरीचा हिशेब द्यावा लागतो, आणि तसा तो द्यावा लागणे योग्यच आहे.

परवानाधारकाचे रोजचे व्यवहार मात्र कागदांचे आहेत. २०१६ च्या नव्या शस्त्र नियमांनी जुने १९६२ चे नियम बाजूला केले. परवान्यांची नोंद आता देशपातळीच्या संगणकीय यादीत असते आणि प्रत्येक परवानाधारकाला स्वतंत्र क्रमांक असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतात, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते, आणि निकालानंतर ती परत मिळते. परवानाधारक वारला तर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवून वारसाने आपल्या नावाने नवा अर्ज करायचा असतो. वारसाला परवाना मिळाला नाही, तर ती परवाना असलेल्या दुसऱ्या कुणाला विकावी लागते किंवा सरकारजमा होते.