संकेतांकाची सीमा आणि दिल्लीचा दूरध्वनी
दिल्ली महानगर नोएडा-गुडगावपर्यंत पसरले. दूरध्वनीच्या नकाशावर मात्र दिल्ली ०११, नोएडा ०१२०, गुडगाव ०१२४ अशी विभागणी कायम राहिली. जानेवारी २००१ मध्ये मूलभूत दूरध्वनी सेवा देणाऱ्या कंपन्यांना बिनतारी ‘मर्यादित भ्रमणसेवे’ची मुभा मिळाली, तीही स्थानिक आकारणी-क्षेत्रापुरतीच. दर कमी होते. पण दिल्लीत घेतलेला असा संच गुडगावात मुका होई. भ्रमणध्वनीच्या परवान्यात मात्र दिल्लीसह गाझियाबाद, फरीदाबाद, नोएडा व गुडगाव हे एकच क्षेत्र होते. म्हणजे महागडा भ्रमणध्वनी न परवडणाऱ्या, रोज यमुना ओलांडून नोकरीस येणाऱ्या माणसालाच ही सीमा जाचत असे. भ्रमणध्वनी कंपन्यांना एवढी सवलतही खुपली. वाद न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर २००३ मध्ये एकीकृत परवाना आला आणि तो स्वीकारणाऱ्यांपुरते हे बंधन सुटले.