शनवारची शाळा

शनिवार हा आपल्याकडे मारुतीचा वार. समर्थांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं बहुतेक आजच्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतच आहेत. चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर येथें किंवा बत्तीस शिराळ्यास शनिवारीं दर्शनाला येणारांची रीघ लागते. शाळकरी मुलांना हा वार सकाळच्या शाळेचा व अर्ध्या सुटीचा म्हणून प्रिय. परंतु याच वाराच्या आधारानें महाराष्ट्रांतील एका लहानशा समाजानें आपला धर्म शेंकडों वर्षें सांभाळला, आणि मुलांना धर्म शिकविण्याचें मुख्य साधनहि त्याच वाराला केलें, ही गोष्ट पुष्कळांच्या ऐकिवांत नसते. तो समाज म्हणजे बेने-इस्रायल.

बेने-इस्रायल याचा अर्थ इस्रायलाचीं लेंकरें. हे लोक यहुदी धर्माचे. त्यांचें जुनें वसतिस्थान कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड. त्यांच्या परंपरेप्रमाणें अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यापाशीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. सामानाबरोबर धर्मग्रंथहि समुद्रांत गेले. वांचलेल्यांचा वंश वाढला. तेलाचा घाणा चालवीत तो कोंकणच्या गांवोगांवीं पसरला, आणि दिवेकर, पेणकर, केहिमकर, राजपूरकर, अष्टमकर अशीं गांवाचीं आडनांवें लावूं लागला. भाषा मराठी झाली, पोशाख मराठी झाला. वेगळेपणा शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरे तो एवढाच कीं, शुक्रवारीं सूर्य मावळला म्हणजे यांचा घाणा थांबे, तो शनिवारीं चांदण्या दिसेपर्यंत फिरत नसे. सोमवारीं घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आणि हे शनवार तेली, असें नांवच पडून गेलें.

पुस्तक बुडालेलें, हिब्रू भाषा विसरलेली, शिकविणारा कोणी नाहीं. अशा घरांतल्या मुलाला धर्म कळला तरी कशावरून? एक तर शनिवारच्या विसाव्यावरून. दुसरें, मुलगा आठ दिवसांचा झाला कीं होणाऱ्या सुंतेवरून. तिसरें, आईच्या स्वयंपाकावरून. ज्या मासळीला पर व खवले नाहींत ती चुलीवर चढत नसे. आणि चौथें, 'शेमा' या प्रार्थनेच्या आरंभीच्या शब्दांवरून. ईश्वर एक आहे, असें सांगणारे हे थोडे हिब्रू शब्द अर्थ न कळतांहि जन्मीं, लग्नीं, मरणीं म्हटले जात, व ऐकून ऐकून मुलांच्या तोंडीं बसत.

सणांचीं मूळ नांवेंहि विसरलीं होतीं. त्यांच्या जागीं मराठी नांवें आलीं, तीं थेट घरच्या व्यवहारांतून. वर्षारंभाचा तो नवियाचा सण. दारें लावून कडक उपास करावयाचा तो दारफाळणीचा सण. एक खिरीचा सण. आणि यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा जो शोकदिन, तो वालाचें बिरडें खाण्याच्या रिवाजामुळें बिरड्याचा. मुलाला सणाचा इतिहास कोणी सांगत नसे, कारण तो सांगणाराला ठाऊक नसे. पण खीर कोणत्या दिवशीं व बिरडें कोणत्या दिवशीं, यांत कोणाची चूक होत नसे. ओळख राखण्याइतकें शिक्षण एवढ्यावर झालें.

या ओळखीची परीक्षा झाली ती दाविद रहाबी नांवाच्या यहुदी गृहस्थाकडून. त्याच्या काळाविषयीं अभ्यासकांत शेंकडों वर्षांचा मतभेद आहे. परंतु कथा सर्वत्र एकच सांगतात. कोंकणांत येऊन त्यानें या लोकांच्या स्त्रियांपुढें मिश्र मासळीची टोपली ठेविली व रांधावयास सांगितलें. त्यांनीं पर आणि खवले असलेली तेवढी मासळी निवडून बाकीची बाजूस सारली. हे आपलेच लोक, अशी त्याची खातरी पटली. मग त्यानें झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना हिब्रू वाचन व धर्मविधि शिकविले. तेच पुढें काजी म्हणून गांवोगांव फिरून लग्नें व विधि करीत, आणि तो अधिकार त्यांच्या वंशांत चालला. या समाजाचे पहिले मास्तर तेच म्हणावयाचे. येथें लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, शिक्षक येण्यापूर्वींच परीक्षा उतरली होती, आणि ती उतरली ती स्वयंपाकघरांतल्या स्त्रियांच्या हातून.

पुढें कंपनी सरकारच्या पलटणींत व मुंबईच्या कामधंद्यांत हे लोक शिरले. समाजी हसाजी दिवेकर नांवाच्या लष्करी अंमलदारानें टिपूच्या कैदेंतून सुटून आल्यावर १७९६ सालीं मुंबईंत समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. बेने-इस्रायल लोक आपल्या बोलींत प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. विधि नीट चालविण्यास कोचीनचे यहुदी पंडित आले. त्यांत १८३६ च्या सुमारास मुंबईस आलेले शेलोमो सालेम शुर्राबी यांचें ऋण समाज विशेष मानतो.

प्रार्थनामंदिर झाल्यानें शनिवारला नवें रूप आलें. मोशेचीं पांच पुस्तकें, ज्यांना तोरा म्हणतात, त्यांचे चोपन्न भाग पाडलेले आहेत. दर शनिवारीं एक भाग, कधीं दोन जोडून, याप्रमाणें वर्षांत संपूर्ण तोरा वाचून होते व त्याच दिवशीं पुन्हा पहिल्यापासून आरंभ होतो. आपल्याकडे घरांत पोथी लावतात तसाच हा प्रकार. फरक इतका कीं, जगांतील साऱ्या यहुद्यांचा अध्याय ठरल्या आठवड्यास बहुधा एकच असतो. मुलाचा अभ्यास या साप्ताहिक भागाशीं बांधलेला. या आठवड्यांत नोहाचें तारूं, तर पुढल्या आठवड्यांत अब्राहामाचें देशांतर, असें वर्षभर चालावयाचें. वेगळें वेळापत्रक आंखण्याची गरजच नाहीं.

अक्षरांचा अभ्यास मात्र सोपा नव्हता. हिब्रूचीं अक्षरें बावीस. लिहावयाचीं उजवीकडून डावीकडे. स्वर दाखविण्यासाठीं अक्षरांच्या खालीं-वर ठिपके व रेघा असतात. शिकणाराच्या पुस्तकांत त्या खुणा छापतात, पण मंदिरांतील हस्तलिखित गुंडाळींत त्या मुळींच नसतात. मोडीचा कागद ज्यांनीं वाचला आहे त्यांना ही अडचण लगेच समजेल. ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा नसलेला मोडी मजकूर जसा संदर्भ जाणणारालाच सरळ वाचतां येतो, तसाच तोरेचा भाग आधीं मुखोद्गत असेल त्यालाच वाचतां येतो. तेराव्या वर्षीं मुलगा धर्मकर्माला जबाबदार होतो व सभेपुढें वाचण्याचा मान त्याला मिळतो. त्यासाठीं पाठांतराची तयारी अनेक शनिवार आधीं सुरू होते.

ही अक्षरविद्या समाजांत रुजविण्यास ज्यांची मदत झाली त्यांत ख्रिस्ती मिशनरी होते, ही इतिहासाची गंमत आहे. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने-इस्रायल मुलें व शिक्षकहि होते. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींत छापलें, तें मुख्यतः याच लोकांसाठीं. मराठींत उतरलेला जुना करार हातीं आला. मिशनऱ्यांचा हेतु धर्मान्तराचा, परंतु धर्म सोडणारे फारच थोडे निघाले. ज्यांच्या पूर्वजांनीं ग्रंथावांचून धर्म सोडला नाहीं, ते ग्रंथ मिळाल्यावर कसे सोडतील? उलट मोशे, दावीद, शलमोन हे आपलेच पूर्वज, हें मुलांना आपल्या मातृभाषेंत प्रथमच वाचावयास मिळालें.

यानंतर समाजानें हें काम स्वतः अंगावर घेतलें. मुंबईंतील डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं हिब्रू प्रार्थनापुस्तकांचीं एकामागून एक मराठी भाषांतरें केलीं. वल्हांडणाच्या रात्रीं घरोघर वाचावयाचा 'हग्गादा' हा ग्रंथ १८७४ सालीं पुण्यांत विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत मराठी भाषांतरासह निघाला. त्यांतील चित्रांत लुगडें नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरी करीत आहेत. या ग्रंथाचा आरंभच मुलाच्या प्रश्नांनीं होतो. घरांतल्या सर्वांत लहान मुलानें 'ही रात्र इतर रात्रींहून वेगळी कां' असें विचारावयाचें, आणि वडिलांनीं मिसर देशांतील दास्यापासून सुटकेपर्यंतची कथा सांगावयाची. प्रश्न मुलाला समजेल अशा भाषेंत नसेल, तर उत्तराला अर्थ कसला? तो अर्थ मराठीनें दिला.

१८७५ सालीं हाईम सॅम्युएल केहिमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंत इस्रायली शाळा काढली. तेथें सरकारी अभ्यासक्रमाच्या जोडीला हिब्रू शिकवीत. याच केहिमकरांनीं पुढें समाजाचा पहिला सविस्तर इतिहास लिहून ठेविला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. १८८० च्या सुमारास आणखी एक नवल घडलें. हरिदासांचीं कीर्तनें ऐकून कांहीं बेने-इस्रायल तरुणांनीं कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापिलें आणि अब्राहाम, योसेफ यांचीं आख्यानें साक्या-दिंड्यांत लावून म्हणण्यास आरंभ केला. वाचतां न येणाऱ्या आज्या आणि अक्षरें न शिकलेलीं नातवंडें एकाच सतरंजीवर बसून धर्मकथा ऐकूं लागलीं.

मुंबई-पुण्याची ही सोय देशावरील लहान गांवीं नव्हती. पलटणी, रेल्वे, टपाल, मुलकी खातीं यांतील नोकऱ्यांनीं बेने-इस्रायल कुटुंबें घांट चढून आंत आलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं औंध संस्थानचे कारभारी खानबहादूर जेकब बापूजी इझ्रायल हे याच समाजाचे. औंध साताऱ्याच्या खटाव तालुक्यांत; त्या संस्थानचे आटपाडी व कुंडल हे भाग आज सांगली जिल्ह्यांत. हा जिल्हा १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून निराळा झाला व १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. या साऱ्या मुलखांत यहुदी प्रार्थनामंदिर नव्हतें. पुण्याच्या रास्ता पेठेंतील बेने-इस्रायलांचें मंदिर १९२१ चें. त्यापूर्वीं तर पुण्यासहि त्यांचें स्वतःचें नव्हतें.

अडचण केवळ इमारतीची नाहीं. यहुदी नियमाप्रमाणें दहा प्रौढ पुरुष जमल्यावांचून तोरेचें सामुदायिक वाचन होत नाहीं. जेथें एकदोनच घरें, तेथें दहा पुरुष कोठून आणावयाचे? म्हणजे मंदिर नाहीं, गुंडाळी नाहीं, सभा नाहीं. अशा एकाकी घरावर पुन्हा नवगांवच्या पूर्वजांसारखी पाळी येई.

परंतु शुक्रवारची संध्याकाळ कोणाच्या परवानगीवर अवलंबून नसते. सूर्यास्तापूर्वीं स्वयंपाक आटोपावयाचा, घरच्या बाईनें दिवा लावावयाचा. द्राक्षारस मिळत नसे तेथें बेने-इस्रायल लोक काळ्या मनुका भिजवून त्यांचें सरबत करीत. त्या पेल्यावर वडील आशीर्वचन म्हणत. मुलें 'आमेन' म्हणत. हा धडा वर्षांतून बावन्न वेळां होतो. ज्या पाठाची उजळणी आठवड्याला चुकत नाहीं, तो पाठ मुलाला येतो, हें कोणताहि जुना शिक्षक सांगेल. आतां त्या दिव्याच्या जोडीला मराठी प्रार्थनापुस्तक होतें, एवढा पूर्वजांपेक्षां लाभ.

घरच्या या शिक्षणाची मर्यादाहि मान्य केली पाहिजे. रीत कळते, अर्थ कळत नाहीं. आई-बाप उदासीन झाले तर एका पिढींत सारें पुसलें जातें. म्हणून समाजाच्या जाणत्या माणसांनीं शाळेचा आग्रह धरिला, आणि मुलींनाहि त्यांत घेतलें. पुण्याच्या हुजूरपागेंत शिकून १९०५ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनीं १९२२ पासून १९५० पर्यंत इस्रायली शाळेची धुरा वाहिली. पूर्वीं मासळी निवडून धर्म राखणाऱ्या स्त्रियांची ही वंशज पुस्तकानें तेंच काम करीत होती. त्या शाळेला पुढें सर एली कदुरी यांचें नांव मिळालें.

१९४८ सालीं इस्रायल राष्ट्र झालें, तेव्हां भारतांत बेने-इस्रायल सुमारें वीस हजार होते. त्यांतील बहुतेक पुढें तिकडे गेले. कदुरी शाळेंत आज शिकणारीं बहुतेक मुलें इतर धर्मांचीं आहेत. पण तिकडे गेल्यावर या लोकांपुढें निराळीच परीक्षा उभी राहिली. १९६२ सालीं तेथील धर्मपीठानें त्यांच्या विवाहांपूर्वीं पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्यांच्या यहुदीपणाविषयीं शंका घेतली. जुने ग्रंथ दाखवा, पंडितांची परंपरा दाखवा, असें कोणी म्हटल्यास दाखवावयास समुद्रांत बुडालेल्या गलबताशिवाय कांहीं नव्हतें. समाजानें यरुशलेमेंत धरणें धरलें, आणि १९६४ सालीं इस्रायलच्या सरकारनें ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असें जाहीर केलें. त्यांच्या बाजूनें सांगण्यासारखा सर्वांत भक्कम पुरावा होता तो शनवार तेली या नांवाचा. आणि तें नांव त्यांनीं स्वतः घेतलेलें नव्हतें. कोंकणांतल्या शेजाऱ्यांनीं, त्यांचा बंद घाणा पाहून, मराठींत दिलेलें होतें.

आज इस्रायलमध्यें या समाजाचीं मुलें हिब्रूंत शिकतात; तेथें तोरा शिकविण्यास मराठीची गरज उरलेली नाहीं. तरी वडील मंडळी 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक तेथून काढीत आलीं आहेत. पूर्वीं मराठी घरांत राहून हिब्रूचे चार शब्द जपावे लागले. आतां हिब्रू घरांत राहून मराठीचे चार शब्द जपावे लागतात. तेंहि काम आठवड्याच्या आठवड्याला, घरींच, आणि बहुधा आजीच्या हातूनच व्हावयाचें आहे.