तिसरा फटका, पिकलबॉलमधील

पिकलबॉल या खेळात सर्व्हिस करणाऱ्या पक्षाने सर्व्हिसनंतर मारलेला पहिला फटका. सर्व्हिस हा खेळीतील पहिला व तिचा परतावा हा दुसरा फटका असून, त्यानंतरचा म्हणून यास तिसरा फटका असे म्हणतात. पहिल्या दोन फटक्यांचे स्वरूप नियमांनी बरेचसे ठरवून दिलेले असल्यामुळे खेळाडूच्या निवडीला खरा वाव प्रथम या फटक्यात मिळतो. टेनिसमध्ये सर्व्हिस हे आक्रमणाचे प्रमुख साधन असते आणि टेबल टेनिसमध्ये सर्व्हिस करणारा खेळाडू तिसऱ्या चेंडूवर हल्ला चढवितो. पिकलबॉलच्या दुहेरी खेळात मात्र सर्व्हिस करणारा पक्षच प्रारंभी अडचणीत असतो. या अडचणीतून सुटण्याचा मार्ग म्हणून तिसऱ्या फटक्याचे शास्त्र विकसित झाले.

खेळाची घडण : १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड (१९२५–९७) व त्यांचे मित्र बिल बेल यांनी घरातील मुलांच्या करमणुकीसाठी हा खेळ सुरू केला. घराजवळ बॅडमिंटनचे जुने क्रीडांगण होते, परंतु साहित्य पुरेसे नव्हते. त्यामुळे त्यांनी टेबल टेनिसच्या फळ्या व प्लॅस्टिकचा सच्छिद्र चेंडू वापरला. पुढे बार्नी मॅकॅलम (१९२६–२०१९) यांनी लाकडी फळ्या कापून दिल्या व नियमांची बांधणी करण्यात मोठा भाग घेतला. चेंडूला टप्पा चांगला येतो असे दिसून आल्यावर जाळी खाली आणण्यात आली. कडेला ९१·४४ सेंमी. व मध्यभागी ८६·३६ सेंमी. ही तिची प्रमाणित उंची होय.

क्रीडांगणाचे माप १३·४१ मी. × ६·१० मी. असून ते बॅडमिंटनच्या दुहेरी क्रीडांगणाइतकेच आहे. या मापाचा महाराष्ट्राशी दूरचा संबंध पोहोचतो. बॅडमिंटनचे प्रारंभीचे नियम १८७३ च्या सुमारास पुणे येथील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांत तयार झाले, असे सामान्यतः मानले जाते. त्यावरून तो खेळ काही काळ ‘पूना’ या नावानेही ओळखला जात असे. इंग्लंडमध्ये त्याला स्थिर रूप आले, तेथून तो अमेरिकेत पसरला आणि त्याच क्रीडांगणावर पिकलबॉलचा जन्म झाला.

नियमांतील उगम : तिसऱ्या फटक्याचे महत्त्व दोन नियमांतून निर्माण झाले. पहिला नियम दोन टप्प्यांचा. सर्व्हिसचा चेंडू परतविणाऱ्याने एक टप्पा पडू दिल्यावरच मारावयाचा असतो आणि परत आलेला चेंडूही सर्व्हिस करणाऱ्या पक्षाने एक टप्पा पडल्यावरच मारावयाचा असतो. त्यानंतर चेंडू अधांतरी मारण्याची, म्हणजे व्हॉली मारण्याची, मुभा मिळते. दुसरा नियम जाळीजवळील पट्ट्याचा. जाळीच्या दोन्ही बाजूंना २·१३ मी. रुंदीचा पट्टा आखलेला असून त्यात उभे राहून व्हॉली मारता येत नाही. या पट्ट्याला खेळाडू ‘किचन’ म्हणतात. उंच खेळाडूने जाळीशी उभे राहून प्रत्येक चेंडू खाली आदळू नये, हा यामागील हेतू होय.

या दोन नियमांमुळे दोन्ही पक्षांच्या स्थानात विषमता येते. सर्व्हिस परतविणारा खेळाडू फटका मारताच किचनच्या रेषेपर्यंत धावत जातो. त्याचा जोडीदार तेथे आधीच उभा असतो. सर्व्हिस करणाऱ्या जोडीला मात्र परत येणाऱ्या चेंडूचा टप्पा पडेपर्यंत मागील रेषेजवळ थांबावे लागते. मागील रेषेपासून किचनच्या रेषेपर्यंतचे अंतर ४·५७ मी. आहे. हे अंतर सुरक्षितपणे कसे ओलांडावे, हाच तिसऱ्या फटक्याचा प्रश्न होय. परंपरागत गुणपद्धतीत गुण केवळ सर्व्हिस करणाऱ्या पक्षालाच मिळतो आणि डाव सामान्यतः दोन गुणांच्या आघाडीने ११ गुणांवर संपतो. म्हणून तिसरा फटका चुकला, तर त्या सर्व्हिसवर गुण मिळविण्याची संधीही जाते.

हळुवार फटका व त्याचे तंत्र : या प्रश्नाचे प्रचलित उत्तर म्हणजे ड्रॉप हा हळुवार फटका. मागील रेषेजवळून चेंडू कमानीसारखा उचलून प्रतिपक्षाच्या किचनमध्ये उतरविणे, हे त्याचे स्वरूप. मागील रेषेपासून जाळी ६·७१ मी. अंतरावर असते, म्हणजे चेंडूने जाळी ओलांडून त्यापुढील २·१३ मीटरांतच खाली यावयास हवे. कमानीचा सर्वोच्च बिंदू जाळीच्या अलीकडे, स्वतःच्याच बाजूस असला, तर जाळीवरून जाताना चेंडू उतरणीला लागलेला असतो. असा चेंडू प्रतिपक्षाला जाळीच्या उंचीखाली, वर उचलूनच मारावा लागतो. त्यावर जोरदार प्रहार करता येत नाही. तेवढ्या अवधीत सर्व्हिस करणारी जोडी पुढे सरकते.

चेंडूचे वजन सु. २२ ते २६·५ ग्रॅ. आणि व्यास सु. ७·४ सेंमी. असतो. हलकेपणामुळे व छिद्रांमुळे हवेचा विरोध त्याला अधिक जाणवतो आणि त्याचा वेग लवकर ओसरतो. हळुवार फटका शक्य होण्यास चेंडूचा हा गुण साहाय्यभूत ठरतो. फटका मारताना पकड सैल असावी, गुडघे वाकलेले असावेत व चेंडूशी स्पर्श शरीराच्या पुढे व्हावा. फळीचा पृष्ठभाग किंचित वर वळलेला ठेवून हात खांद्यातून खालून वर न्यावा. मनगटाचा झटका टाळावा. मागे फार मोठा झोला घेतल्यास चेंडूवरील ताबा सुटतो. फटका मारल्यानंतर डोळे झाकून धावत सुटणे हा नवशिक्यांचा सर्वसामान्य दोष आहे. चेंडू खाली उतरतो आहे असे दिसले, तरच पुढे जावे आणि प्रतिपक्ष फटका मारीत असताना क्षणभर दोन्ही पायांवर स्थिर व्हावे. पूर्ण अंतर एकाच दमात ओलांडता आले नाही, तर पाचवा फटकाही तसाच हळुवार मारून पुढचा टप्पा गाठता येतो.

इतर पर्याय : परतावा आखूड पडला किंवा चेंडूचा टप्पा उंच उठला, तर जोरदार सपाट फटका, म्हणजे ड्राइव्ह, उपयुक्त ठरतो. त्याचा उद्देश थेट गुण मिळविणे हा क्वचितच असतो. प्रतिपक्षाकडून उंच किंवा कमजोर चेंडू मिळवून पाचव्या फटक्यावर वर्चस्व मिळविणे, हा खरा हेतू. एकाने ड्राइव्ह मारावा व जोडीदाराने पुढे घुसून वर उडालेला चेंडू संपवावा, या संयुक्त डावपेचाला अमेरिकन खेळाडू ‘शेक अँड बेक’ म्हणतात. प्रतिपक्षाच्या डोक्यावरून मागे टाकलेला उंच फटका, म्हणजे लॉब, हा तिसरा पर्याय असून त्यात धोका अधिक असल्याने तो विरळा वापरला जातो. परतावा खोल व खाली राहणारा असेल, तर ड्रॉप. आखूड व उंच असेल, तर ड्राइव्ह, असा स्थूल नियम सांगता येईल.

विकास : हळुवार तिसरा फटका कोणा एका खेळाडूच्या नावाने ओळखला जात नाही, नियमांनी उभ्या केलेल्या अडचणीवर अनेकांनी शोधलेला तो उपाय आहे. वॉशिंग्टन राज्यातील टक्विला येथे १९७६ मध्ये झालेल्या पहिल्या ज्ञात स्पर्धेत बहुतेक स्पर्धक महाविद्यालयीन टेनिसपटू होते आणि हा खेळ त्यांना फारसा परिचित नव्हता. १९८४ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संघटना स्थापन होऊन नियमपुस्तिका प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी बोइंग विमान कंपनीतील अभियंता आर्लेन पॅरेंटो यांनी विमानात वापरल्या जाणाऱ्या मधुकोशाकार फलकांपासून संमिश्र द्रव्याची पहिली फळी तयार केली. जड लाकडी फळीच्या जागी हलकी फळी आल्याने चेंडूवर अधिक नाजूक ताबा ठेवणे सुकर झाले. पुढे निवृत्त नागरिकांच्या वसाहतींत हा खेळ झपाट्याने पसरला. २००९ मध्ये ॲरिझोना राज्यातील बकाय येथे या संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली व तीत सु. ४०० खेळाडूंनी भाग घेतला. धावण्याची शक्ती कमी, पण अंदाज व संयम अधिक, अशा खेळाडूंना ड्रॉप विशेष मानवला आणि तो उत्तम खेळाचे लक्षण मानला जाऊ लागला.

व्यावसायिक स्पर्धा वाढल्यावर मात्र उलट प्रवाह सुरू झाला. ॲना ली वॉटर्स (ज. २००७) ही बाराव्या वर्षी, २०१९ मध्ये, आपल्या आईसमवेत व्यावसायिक स्पर्धांत उतरली आणि या जोडीच्या आक्रमक खेळाने महिला दुहेरीत जोरदार फटक्यांना प्रतिष्ठा मिळाली. कार्बन तंतूंच्या खडबडीत पृष्ठभागामुळे चेंडूला फिरकी अधिक मिळू लागली व फळीच्या गाभ्यातील सुधारणांमुळे वेगही वाढला. ड्राइव्हनंतर पाचव्या फटक्यावर ड्रॉप मारण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली. नियमकर्त्यांनी या बदलांना काही मर्यादा घातल्या. सर्व्हिसपूर्वी बोटांनी चेंडूला फिरकी देण्यास अमेरिकन नियमांनी २०२३ पासून पूर्ण बंदी केली आणि फळीवरून चेंडू किती वेगाने उसळतो, हे मोजणारी नवी कसोटी २०२४ च्या अखेरीस लागू केली. या वादाचा संबंध केवळ साहित्याशी नाही. हळुवार तिसरा फटका प्रभावी राहील तोवरच आजोबा व नात एकाच क्रीडांगणावर बरोबरीने खेळू शकतील. फळीच्या जोराने तो निरुपयोगी झाला, तर मुलांच्या व वडीलधाऱ्यांच्या समाईक करमणुकीसाठी जन्मलेला हा खेळ केवळ बलवानांचा होईल.

महाराष्ट्रातील प्रसार : भारतात या खेळाची सुरुवात मुंबईत झाली. सुनील वालावलकर यांनी परदेशात तो पाहून येथे आणला व २००८ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. जानेवारी–फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत वर्ल्ड पिकलबॉल लीग ही व्यावसायिक स्पर्धा प्रथमच भरविण्यात आली. तिच्या संस्थापकांपैकी गौरव नाटेकर यांनी १९९४ च्या हीरोशीमा आशियाई क्रीडास्पर्धांत लिअँडर पेस यांच्यासह टेनिस दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले होते. त्यांचे वडील, सांगलीचे नंदू नाटेकर (१९३३–२०२१), हे १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय होत. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशन या संस्थेस राष्ट्रीय क्रीडा महासंघ म्हणून मान्यता दिली.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात : महानगरांबाहेर, बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, या खेळाच्या तंत्राला भूमी व हवामान यांचा विचार करावा लागतो. बॅडमिंटनमध्ये फूल जमिनीवर पडू द्यावयाचे नसते. म्हणून तो खेळ मातीच्या अंगणातही चालतो. पिकलबॉलमध्ये तिसरा फटका टप्प्यानंतरच मारावयाचा असल्याने भूपृष्ठ कठीण व सपाट असावे लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव इ. घाटाखालच्या तालुक्यांतील काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात चिकट होते. कबड्डी वा खो-खोचे मैदान त्यामुळे या खेळास उपयोगी पडत नाही. सिमेंटचा ओटा किंवा बंदिस्त बॅडमिंटन सभागृहाची लाकडी भूमी लागते. अशा सभागृहात नव्याने रेषा आखून व जाळी खाली घेऊन खेळ सुरू करता येतो, हा समान मापाचा मोठा फायदा आहे.

घाटाखाली मे महिन्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. उष्णतेने प्लॅस्टिकचा चेंडू मऊ होऊन अधिक उसळतो व थंडीत तो कडक होऊन तडकतो. म्हणून उन्हाळ्यात ड्रॉपची कमान अधिक खाली व स्पर्श अधिक हलका ठेवावा लागतो. सु. ६५० मी. उंचीवरील बुलढाणा शहर व घाटावरील चिखली, मेहकर या भागांत मोकळ्या मैदानावर वाऱ्याचा विचार महत्त्वाचा ठरतो. समोरून वारा असता ड्रॉप जाळीत अडकण्याचा आणि पाठीमागून असता किचनपलीकडे जाण्याचा संभव असतो. अशा वेळी कमान कमी असलेला ड्राइव्ह अधिक सुरक्षित होय. बाहेरच्या खेळासाठी लहान व अधिक छिद्रांचा, तर सभागृहासाठी मोठ्या व कमी छिद्रांचा चेंडू वापरतात.

मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यातही अचूकतेचा खेळ रुजू शकतो, हे बुलढाण्याच्या धनुर्विद्येने दाखविले आहे. येथील प्रथमेश जावकर यांनी २०२३ मध्ये शांघाय येथील जागतिक चषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले. तिसऱ्या फटक्यासही तोच गुण लागतो. महागड्या फळीपेक्षा एक कठीण सपाट भूमी, एक जाळी आणि एकाच जागेवरून पुन:पुन्हा चेंडू किचनमध्ये उतरविण्याचा सराव यांवर तो अवलंबून असतो.