जुना विंडोज, नवी डिस्क आणि मधला दुभाषी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या हेडमास्तर साहेबांनी मला घरी बोलावून घेतले. कोपऱ्यातल्या टेबलावर पिवळट पडलेला एक संगणक होता, २००२ साली घेतलेला. त्यावर विंडोज एक्सपी आणि उर्दूचे इनपेज. त्या संगणकात साहेबांनी पंधरा वर्षे लिहिलेला आमच्या कसब्याचा इतिहास होता: सुमारे ३०० पाने, त्यात घराण्यांच्या वंशावळी, जुन्या शिक्षकांच्या याद्या, कब्रस्तानातल्या शिलालेखांच्या नकला. आता हार्ड डिस्कमधून टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला होता.

"बेटा, डबा गेला तर जाऊ दे. पानं जाता कामा नयेत," ते म्हणाले.

मी उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर, संगणकाचा इंजिनियर नव्हे. तरी पहिली गोष्ट सुचली ती बरोबर होती. डिस्क बाहेर काढली, यूएसबीच्या जोडणीने माझ्या संगणकाला लावली आणि डीडीरेस्क्यू नावाच्या लिनक्सवरच्या साधनाने तिची सेक्टरन्‌सेक्टर नक्कल घेतली. हे साधन आधी चांगला भाग वाचून घेते आणि खराब जागांकडे नंतर वळते. मरणाऱ्या डिस्कसाठी हाच क्रम योग्य.

फायली वाचल्या. पण इनपेजच्या नव्या आवृत्तीत त्या उघडल्या तेव्हा वंशावळींच्या चौकटी सरकलेल्या दिसल्या. कोणाचा मुलगा कोणाच्या खाली गेला कळेना. मूळ पान कसे होते हे पाहायला मूळ विंडोज, मूळ इनपेज आणि मूळ फॉन्टच हवे होते. आणि जुन्या धाटणीची आयडीई हार्ड डिस्क आता दुकानात नवी मिळत नाही. म्हणजे प्रश्न असा झाला: २००१ सालची प्रणाली आजच्या डिस्कवरून सुरू कशी करायची? त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो आहे.

१९८१: दोन सुरुवाती

१९८१ हे साल उर्दूवाल्यांसाठी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लाहोरचे 'जंग' हे दैनिक नूरी नस्तालीकमध्ये संगणकावर जुळवून छापले जाऊ लागले. तोवर उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साथीने हजारो जोडआकार तयार केले, कारण नस्तालीकमध्ये अक्षर शेजारी पाहून आपले रूप आणि उंची बदलते. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणले, आणि तीच नूरी नस्तालीक घरगुती संगणकावर आली.

त्याच १९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. ती आली १९८३ मध्ये, पीसी एक्सटी या मॉडेलबरोबर. क्षमता १० एमबी. आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो तेवढी जागा खातात.

हार्ड डिस्क आली तेव्हा संगणक सुरू होण्याची एक रीत ठरली. वीज आली की मदरबोर्डवरची चिप, म्हणजे बायोस, जागी होते आणि डिस्कचा पहिला सेक्टर वाचते. हा सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार वाटण्यांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे २ बाइट खूण म्हणून. खूण जुळली तर त्या सूचना चालतात, त्या पुढच्याला उठवतात, तो त्याच्या पुढच्याला. असे करत विंडोज पडद्यावर येतो. साहेबांचा संगणक २०२० नंतरही रोज सकाळी हेच करत होता.

दोन मोठ्या मापांतले छोटे माप

तेव्हा डिस्कवरचा पत्ता तीन आकड्यांनी सांगत: सिलिंडर, हेड, सेक्टर. बायोसला १०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर मोजता येत. आयडीई डिस्कला ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड आणि २५५ सेक्टर. दोन्ही मापे आपापल्या जागी त्या काळाच्या मानाने प्रचंड. पण दोघांनी एकमेकांशी बोलायचे तर प्रत्येक बाबतीत जो आकडा लहान तोच चालणार. १०२४, १६ आणि ६३ यांचा गुणाकार करून ५१२ ने गुणा, उत्तर येते सुमारे ५२.८ कोटी बाइट. म्हणजे ५२८ एमबी. नव्वदच्या दशकात मोठ्या डिस्का आल्या आणि संगणक त्यांना ५२८ एमबीच्या पुढे ओळखेनात.

वर्गात मी हे नेहमी पाहतो. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाकडे भरपूर शब्द असतात, मराठीच्या पुस्तकातही भरपूर असतात, पण पहिल्या दिवशी दोघांच्या कामी येतात ते दोन्हीकडे असलेले थोडेसेच.

यावर तोडगा निघाला त्याला नाव पडले ट्रान्सलेशन. बायोसने डिस्कचे सिलिंडर कमी करून सांगायचे आणि हेड वाढवून सांगायचे, गुणाकार तोच. खोटे माप, पण पत्ता बरोबर. पुढे तीन आकड्यांची पद्धत सोडून सेक्टरांना सरळ एक, दोन, तीन असे क्रमांक देणे सुरू झाले.

क्रमांकासाठी जागा ठेवली २८ बिटांची. म्हणजे २६ कोटी ८४ लाखांहून थोडे जास्त सेक्टर, एकूण १३७ जीबी. ही मर्यादा ठेवणारे लोक अडाणी नव्हते. १० एमबीच्या आठवणी ताज्या असताना १३७ जीबी ही संख्या गरजेपेक्षा फार मोठीच वाटणार. ४८ बिटांची सोय नंतर आली. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाहेर पडला तेव्हा तो २८ बिटच जाणत होता. ४८ बिटांची समज त्याला २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने दिली.

साहेबांच्या संगणकावर तो सर्व्हिस पॅक कधी बसवलाच नव्हता.

मी दुकानातून २४० जीबीची एसएसडी आणणार होतो. हे वाचले आणि १२० जीबीची आणली. १३७ च्या आतली. सोबत आयडीईला साटा डिस्क जोडणारी एक छोटी पट्टी. ही पट्टी जमते, कारण साटाने २००३ च्या सुमारास तारा बदलल्या, पण डिस्कला द्यायचे हुकूम आधीचेच ठेवले. रस्ता नवा, भाषा जुनी. पट्टीने फक्त रस्ते जोडायचे.

नक्कल एसएसडीवर उतरवण्याआधी एक दुरुस्ती केली. एक्सपी आपली पहिली वाटणी ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतो. हा ६३ म्हणजे वर आलेल्या त्या जुन्या मोजणीचाच अवशेष. एसएसडी मात्र आतून ४०९६ बाइट किंवा त्याच्या पटींतल्या तुकड्यांत काम करते, आणि ६३ गुणिले ५१२ ला ४०९६ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून साधी एक नोंद लिहायची तरी दोन तुकड्यांना हात लागतो. काम हळू, झीज जास्त. जीपार्टेड वापरून वाटणी २०४८ व्या सेक्टरवर सरकवली. व्हिस्टापासून पुढचे विंडोज तिथूनच सुरुवात करतात.

पट्टी लावली, बटण दाबले. एक्सपीची ती निळी पट्टी सरकली आणि इनपेज उघडले. साहेब काही बोलले नाहीत, चष्मा पुसून थेट वंशावळीच्या पानावर गेले.

जिथे पट्टी पुरत नाही

पण २००२ चा मदरबोर्ड तरी किती दिवस टिकणार? म्हणून तीच नक्कल शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या जुन्या डेस्कटॉपवर चालवून पाहिली. तिथे निळा पडदा आणि स्टॉप ७बी हा संदेश. अर्थ: ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे ती मला सापडत नाही.

गंमत पाहा. बायोसने डिस्क वाचली, पहिला सेक्टर चालला, विंडोज अर्धा उठलाही. तोवर तो बायोसच्या आधाराने डिस्क वाचत होता. मग त्याने स्वतःचा ड्रायव्हर वापरायला घेतला, आणि समोरचा डिस्क कंट्रोलर त्याच्या ओळखीचा नव्हता. ही नवी रीत म्हणजे इंटेलने २००४ मध्ये आणलेली एएचसीआय. तिचा ड्रायव्हर एक्सपीबरोबर आला नव्हता. बसवताना एफ६ दाबून तो द्यावा लागे, आणि तोही फ्लॉपीवरून. फ्लॉपीची खाच संगणकांतून नाहीशी झाली तरी एक्सपी फ्लॉपीच मागत राहिला. सुदैवाने त्या डेस्कटॉपच्या बायोसमध्ये साटाला आयडीईसारखे वागायला सांगण्याची सोय होती.

माझ्या नव्या लॅपटॉपवर तीही सोय नाही. त्यातली एनव्हीएमई डिस्क आयडीईचे हुकूम जाणतच नाही. मार्च २०११ मध्ये तिची पहिली रीत जाहीर झाली ती फ्लॅश स्मृतीसाठी मुळापासून नवी भाषा म्हणूनच. विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टने नंतर दुरुस्ती दिली, एक्सपीसाठी दिली नाही. हौशी मंडळींनी एक्सपीसाठीही ड्रायव्हर तयार केले आहेत, त्यांच्या चिकाटीला सलाम. पण त्याआधीच दुसरे दार बंद असते. नव्या संगणकांत बायोसच्या जागी यूईएफआय आहे. त्याच्याबरोबर डिस्कवर सहसा जीपीटी पद्धतीची वाटणी असते, आणि ३२ बिटांचा एक्सपी जीपीटीवरून सुरू होऊ शकत नाही. यूईएफआयमध्ये जुन्या बायोसचे सोंग घेण्याची सोय असे. २०१७ मध्ये इंटेलने ती २०२० पर्यंत काढून टाकायचे जाहीर केले.

सोंग घेणारा संगणक

शेवटचा मार्ग व्हर्च्युअल मशीनचा. नव्या संगणकात एक प्रोग्रॅम जुन्या संगणकाचे सोंग घेतो. तो एक्सपीला नव्वदच्या दशकातला इंटेलचा आयडीई कंट्रोलर दाखवतो, आणि खाली एनव्हीएमईशी तिच्या भाषेत बोलतो. दोन्हीकडच्या भाषा जाणणारा पुरा दुभाषी.

इथेही पहिल्या प्रयत्नाला ७बी आलाच. साहेबांच्या विंडोजला फक्त स्वतःच्या मदरबोर्डचा कंट्रोलर ठाऊक होता. मग परत जुन्या संगणकावर गेलो, एक्सपीसोबत आलेल्या सर्वसाधारण आयडीई ड्रायव्हरांची नोंद त्याच्या रजिस्ट्रीत करून ठेवली आणि पुन्हा नक्कल घेतली. घर सोडण्यापूर्वी त्याला परगावचे चार शब्द शिकवले म्हणा. तो खिडकीत मुकाट्याने सुरू झाला. इंटरनेट मात्र त्याला दिलेले नाही. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबली आहे.

हे सगळे कशासाठी, असे एका मित्राने विचारले. जुन्या विंडोजचा मला लळा नाही. पण आपल्या भाषांचा वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर युनिकोडपूर्व फायलींत अडकून पडला आहे. उर्दूचा इनपेजमध्ये, मराठीचा श्रीलिपी आणि आयएसएमच्या फॉन्टांमध्ये. स्मरणिका, मशिदींच्या ट्रस्टचे ठराव, शाळांची शताब्दी अंके, कोणाच्या वडिलांचा काव्यसंग्रह. त्यातले बरेचसे ज्या संगणकावर लिहिले गेले तो माळ्यावर पडला आहे किंवा भंगारवाल्याकडे गेला आहे. कागदाला वाळवी लागते ती दिसते तरी. डिस्क एक दिवस सुरूच होत नाही.

म्हणून घरात असा डबा असेल तर आधी तो चालू करत बसू नका. डिस्कची पूर्ण नक्कल घ्या, मग काय करायचे ते नकलेवर करा. मूळ पान डोळ्यांनी पाहता येईल अशी व्यवस्था झाली की मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मूळ पानाशी ताडून पाहा. जुनी प्रणाली जिवंत ठेवायची ती ताडून पाहण्यापुरती.

साहेबांच्या ३०० पानांपैकी १८० पाने आम्ही आजवर ताडून झालो. एका खिडकीत एक्सपीतले जुने पान, शेजारी नवे. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर बसतो. मागच्या आठवड्यात शिक्षकांच्या यादीत एका नावाचा नुक्ता रूपांतरात गळलेला सापडला, त्यामुळे नावच बदलले होते. साहेबांनी तो बोटाने दाखवला आणि म्हणाले, "हे माझे उस्ताद. यांचं नाव चुकलं असतं तर मी पुस्तक कशाला लिहिलं?"