रंग मोजणाऱ्या सर्किटची कुळकथा

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने खेडचा घाट चढला की पेठ लागतं आणि पुढे मंचर. तिथून घोडेगावकडे वळलं की गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची वेधशाळा आहे. आंबेगाव तालुक्यातली ही 2 मीटर व्यासाची दुर्बीण 2006 साली सुरू झाली. तिला जोडलेल्या आयफॉस्क या उपकरणात एक सीसीडी चिप बसवली आहे. या चिपला रंग अजिबात कळत नाही. आपल्यावर किती प्रकाश पडला, एवढंच ती सांगते. तरीही अशाच चिपांनी ताऱ्यांचे रंग दोन दशांश स्थळांपर्यंत मोजले जातात. रंगांध यंत्राकडून रंग वदवून घेण्याची ही युक्ती माणसाला एका दिवसात सुचलेली नाही.

सुरुवात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलपासून झाली. 1873 साली विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याने केबलच्या चाचण्यांसाठी सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. त्यांचा विद्युतरोध काही केल्या एकसारखा राहीना. अंधारात तो वाढायचा, उजेडात घटायचा. केबलच्या कामाला ही खोड त्रासदायक होती, पण प्रकाशाचं विजेच्या भाषेत मोजमाप करण्याचं दार त्यातूनच उघडलं. 1892 साली डब्लिनमध्ये विल्यम मंक यांनी सेलेनियमचा सेल दुर्बिणीला लावला आणि ग्रहाच्या प्रकाशाने विद्युतमापकाचा काटा हलवून दाखवला.

त्याच काळात पुण्यातही प्रकाशाचे रंग वेगळे करून वाचण्याचं काम चाललं होतं. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी 1888 साली कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. वर्णपटशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूरकडच्या जेऊरला जाऊन घेतले. 1912 साली वेधशाळा बंद झाली आणि तिची 20 इंची दुर्बीण कोडाईकॅनलला गेली. त्यानंतर आयुकाची दुर्बीण उभी राहीपर्यंत जवळपास शंभर वर्षं गेली. पुण्याच्या विज्ञानाच्या इतिहासात या वेधशाळेचा उल्लेख अपवादानेच होतो, याची मला खंत वाटते.

कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा शोधक बनवला. त्याला अमेरिकेत 1904 साली पेटंट मिळालं. हा स्फटिक रेडिओलहरींनाही प्रतिसाद देई आणि दिसणाऱ्या प्रकाशालाही. आज ती दोन्ही कामं शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत चालतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या अँटेना रेडिओलहरी टिपतात, आणि आंबेगावातल्या गिरवलीला आरसा प्रकाश गोळा करतो. एकाच शोधकाच्या दोन वाटा अशा एकमेकींच्या इतक्या जवळ येऊन स्थिरावल्या, हे इथल्या मुलांना शाळेतच सांगायला हवं.

सेलेनियम मंद होतं. उजेड गेला तरी पूर्वपदावर यायला वेळ घेई. जर्मनीत वोल्फेनब्युटेल या गावात युलिउस एल्स्टर आणि हान्स गाइटेल हे दोघे शाळामास्तर मित्र होते. त्यांनी पोटॅशियमसारख्या अल्क धातूंचा थर काचेच्या निर्वात नळीत बसवून प्रकाशविद्युत सेल तयार केले. प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्रकाश जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. सरळ प्रमाण. मोजमापाला हेच हवं होतं.

पण इथे रंगाचा प्रश्न उभा राहिला. सेलेनियमला तांबडा प्रकाश जास्त जाणवतो, पोटॅशियमला निळा. काक्षीसारखा तांबूस तारा सेलेनियमने मोजला तर तेजस्वी ठरेल, पोटॅशियमने मोजला तर फिका. मग खरं तेज कुठलं? या प्रश्नाकडे अडचण म्हणून न पाहता साधन म्हणून पाहिलं गेलं, तिथे या कथेला खरं वळण मिळालं. एकाच सेलपुढे आधी एका रंगाची काच धरायची, मग दुसऱ्या रंगाची, आणि दोन वाचनांचं गुणोत्तर काढायचं. तारा जवळ असो की दूर, दोन्ही वाचनं सारख्याच पटीने बदलतात, म्हणून गुणोत्तर तेच राहतं. तेच रंगाचं माप. बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्ग वेधशाळेत बॉटलिंगर यांनी 1923 साली या पद्धतीने शेकडो ताऱ्यांचे रंगांक, म्हणजे अशा गुणोत्तरांचे लघुगणकी मापातले आकडे, प्रसिद्ध केले.

तरी प्रत्येक वेधशाळेच्या काचा वेगळ्या आणि सेलही वेगळे. एकाचा आकडा दुसऱ्याच्या कामाचा नव्हता. ही घडी बसवली हॅरोल्ड जॉन्सन आणि विल्यम मॉर्गन यांनी, 1953 साली. 1पी21 ही प्रकाशगुणक नळी आणि जंबुपार, निळा व हिरवट-पिवळा असे तीन ठरावीक फिल्टर त्यांनी प्रमाण मानले. या नळीत एका इलेक्ट्रॉनचे नऊ पायऱ्यांत लाखो इलेक्ट्रॉन होतात. अभिजितसारख्या पांढऱ्या ताऱ्यांचा रंगांक शून्य धरला. त्या मापाने मृगातला राजन्य उणे 0.03 वर येतो, आपला सूर्य साधारण 0.65 वर आणि काक्षी 1.85 च्या आसपास. आकडा जितका मोठा, तितका तारा तांबूस आणि पृष्ठभागाने थंड.

पुढचा प्रवास वेगाने झाला. 1969 साली बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी बनवली. 1976 साली कोडॅकच्या ब्राइस बायर यांना चिपवरच रंगीत ठिपक्यांची जाळी घालण्याचं पेटंट मिळालं. आपल्या मोबाइलचा कॅमेरा त्याच जाळीवर चालतो. टीसीएस3200 हा सेन्सर आज काही शे रुपयांत मिळतो. त्यात 64 फोटोडायोड असतात. लाल, हिरवा आणि निळा फिल्टर लावलेले प्रत्येकी 16, आणि 16 बिनफिल्टरचे. युक्ती बाबेल्सबर्गचीच, काचा तेवढ्या चिपवर आल्या.

तयार सेन्सर आणावा, पण त्याआधी एकदा हाताने सर्किट जोडावं असं माझं आग्रहाचं मत आहे. एक साधा फोटोडायोड घ्यावा. शाळेत सहसा एलडीआर वापरतात, पण त्याचा प्रतिसाद प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो, म्हणून गुणोत्तर फसतं. फोटोडायोडचा प्रवाह अगदी लहान, मायक्रोअँपिअरच्या घरातला. तो सीए3140 सारख्या ऑप-अँपला द्यायचा आणि फीडबॅकमध्ये 10 लाख ओहमचा रोध लावायचा. एक मायक्रोअँपिअरला एक व्होल्ट मिळतो, आणि तो साध्या मल्टिमीटरवर वाचता येतो. शेजारी लाल, हिरवा आणि निळा एलईडी. सगळं काळ्या नळीत बंद, बाहेरचा उजेड आत येता कामा नये. एलईडीचा थेट प्रकाश फोटोडायोडवर पडू नये म्हणून मध्ये काळ्या कागदाची भिंत.

नारायणगावच्या बाजारात जाणारा टोमॅटो नळीच्या तोंडाशी धरा. आधी सगळे एलईडी विझवून अंधाराचं वाचन घ्या. मग पांढरा कागद धरून एकेक एलईडी लावा आणि तिन्ही वाचनं लिहा. मग टोमॅटो. प्रत्येक वाचनातून अंधाराचं वाचन वजा करा आणि टोमॅटोच्या आकड्याला त्याच रंगाच्या पांढऱ्या कागदाच्या आकड्याने भागा. आता लालचा भागाकार हिरव्याच्या भागाकाराने भागा. कच्च्या टोमॅटोतलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं, म्हणून हे गुणोत्तर एकाच्या खाली राहतं. पिकताना हरितद्रव्य जातं, लायकोपीन वाढतं, हिरवा-निळा प्रकाश शोषला जातो आणि गुणोत्तर चढत जातं. आडत्याच्या अनुभवी नजरेला जे दिसतं, ते असं आकड्यात लिहून ठेवता येतं. खगोलशास्त्रज्ञही हेच करतात. अंधाराच्या वाचनाऐवजी मोकळ्या आकाशाचा उजेड वजा करतात, पांढऱ्या कागदाऐवजी प्रमाण तारा घेतात.

दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त खोडदला जीएमआरटीत विज्ञान प्रदर्शन भरतं आणि परिसरातल्या शाळा आपापले प्रयोग घेऊन येतात. पेठ, मंचर, घोडेगाव आणि नारायणगावच्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे की पुढच्या प्रदर्शनासाठी मुलांकडून हे सर्किट करून घ्या. टोमॅटो तोडल्यापासून पिकेपर्यंत रोज एक वाचन घ्या आणि त्याचा तक्ता मांडा. तक्त्यात पांढऱ्या कागदाचं आणि अंधाराचं वाचन न चुकता लिहा, म्हणजे दुसऱ्या शाळेतल्या मुलांना आपले आकडे तुमच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील.